उठताना अंधारी येते? रक्तदाब उभ्यानेही मोजा!

मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो. दुपारची झोप काढून निवृत्त आजोबा खाटेवरून झटकन उठतात आणि भिंतीचा आधार शोधू लागतात. ‘ऊन लागलं, पन्हं द्या,’ असे घरचे म्हणतात. बसवून रक्तदाब मोजावा, तर तो अगदी ठीक!

आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मेंदूला ते कमी पडू नये म्हणून मानेतील रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीत निसर्गाने जणू चौकीदार बसवले आहेत. रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण घटला की ते मेंदूला वर्दी देतात. लगेच नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. सारे काही सेकंदांत!

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. अशा भट्टीसमोर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते. चौकीदारांना दुप्पट राबावे लागते. तरुणपणी ते निभते. पुढे वय, मधुमेह आणि जुना रक्तदाब त्यांना सुस्त करतात. त्यात लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी सुरू असली, तर न्हाणीघरात तोल जाऊन खुब्याचे हाड मोडायला कितीसा वेळ लागतो?

हे चौकीदार किती जागे आहेत, हे मोजता येते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या स्मिथ, स्लाइट आणि पिकरिंग यांनी शिरेतून औषध देऊन रक्तदाब क्षणभर चढवला. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला, की दोन ठोक्यांमधले अंतर किती मिलिसेकंदांनी लांबते, ते त्यांनी पाहिले. गंमत म्हणजे झोपेत हे चौकीदार अधिक तत्पर आढळले! पुढे १९९८ च्या एका मोठ्या पाहणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचा हा आकडा ३ पेक्षा कमी होता, त्यांना मृत्यूचा धोका अधिक दिसला.

घरी एवढा खटाटोप नको. पाच मिनिटे आडवे पडून दाब मोजावा. मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. कुणीतरी जवळ हवेच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तिन्ही नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. चाचणीत भोवळ आली, तर आकड्याची वाट न पाहता आडवे व्हावे.