पहाटे साखर का वाढते?

"मी त रातच्यानं एकच भाकर खाल्ली, मंग सकायी शुगर वाढली कशी?" वऱ्हाडात मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरांना हे हमखास विचारतो. झोपताना 140 असलेली साखर पोटात अन्नाचा कण न जाता सकाळी 190 होते. मग घरातलीच माणसं संशय घेतात, चोरून काही खाल्लं असेल म्हणतात. या संशयाने माणूस खचतो आणि पुढची तपासणीच टाळतो. खरं तर तो खोटं बोलत नसतो. रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही, यकृतही ती तयार करतं.

झोपेतही मेंदूला तासाला साधारण पाच ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते पुरवायचं काम यकृताचं. घरच्या कणगीतून गरजेपुरतं धान्य काढावं तसं यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं आणि नवीही बनवतं. किती सोडायची यावर इन्सुलिनचा वचक असतो. पहाटे तीनच्या पुढे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं. वाढीचं संप्रेरक रात्रीच स्रवलेलं असतं, पहाटे कॉर्टिसॉल चढू लागतं, आणि दोन्ही इन्सुलिनचा जोर कमी करतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं जास्त इन्सुलिन देऊन वेळ निभावतं. मधुमेहात ते जमत नाही, आणि साखर चढते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या पहाटवाढीला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं. लुई मोनिए यांच्या फ्रान्समधल्या गटाने 2013 साली टाइप 2 च्या रुग्णांवर मोजून दाखवलं, की तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, या वाढीचा वाटा सुमारे 0.4 टक्के-अंकांचा असतो. हा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वऱ्हाडातला वाशीम जिल्हा आजही मुख्यतः खेड्यांचा आहे. मधुमेह शहरातल्या खात्यापित्या माणसांचा, हा समज इथे अजून घट्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण शहरांत 16.4 टक्के आणि खेड्यांत 8.9 टक्के निघालं. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, 15 टक्क्यांच्या आसपास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासातून दाखवलं, की आपली बाळं वजनाने कमी असली तरी चरबीने कमी नसतात. तेव्हा शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसानेही 'मला कुठून शुगर' असं धरून चालू नये.

सकाळचा आकडा वाढला की पहिली चौकशी रात्रीच्या जेवणाची करावी. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असते तेव्हा जेवायला दहा वाजतात आणि जेवलं की लगेच पाठ टेकते. ज्वारीची भाकर चांगली, पण तीही पिठाचीच आहे. चार भाकरी आणि नावाला चून, यापेक्षा दोन भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी आणि मूठभर मोड आलेली मटकी बरी. आठच्या आत जेवावं आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालावं. साखर वाढते म्हणून उपाशी झोपण्याने काही साधत नाही, कारण यकृत थांबत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन न जेवता झोपणं तर धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट झोपेची, आणि मला इथली खरी अडचण हीच वाटते. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू होतं. कृषिपंपाला वीज पाळीपाळीने येते. रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत, अंधारात, चिखलात बारे देत उभा. अर्धवट झोपेने इन्सुलिनचा परिणाम घटतो, हे प्रयोगांतून सिद्ध झालेलं आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्याकडे आपण पिकाच्या नजरेने पाहतो, पण ती रक्तातल्या साखरेचीही योजना आहे. तोवर ज्याला रात्री शेतात जावंच लागतं, त्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि सोबत कुणाला तरी घ्यावं. दरदरून घाम, हातपायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली की साखर फार खाली गेली असं समजून लगेच तीन चमचे साखर खायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची.

रात्री साखर खूप खाली जाऊन सकाळी उसळी मारते, हे मायकेल सोमोगी या संशोधकाचं म्हणणं. आता शरीरावर लावायच्या यंत्रांनी रात्रभर मोजमाप होतं, आणि असं क्वचितच घडतं हे दिसलं आहे. जेवण, पहाटवाढ किंवा अपुरा पडणारा डोस, ही कारणं जास्त आढळतात. तरीही अंदाजाने डोस वाढवू नये. तीन-चार रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर साखर मोजावी. झोपतानाच जास्त असेल तर दोष बहुधा संध्याकाळच्या खाण्याचा. झोपताना आणि तीनला ठीक, सकाळी वाढलेली, तर पहाटवाढ. तीनला 70 च्या खाली असेल तर साखर खाऊन सकाळीच डॉक्टरांना गाठावं.

मोजताना हात साबणाने धुवून कोरडे करावेत. हे दिवस सीताफळाचे. गर लागलेल्या बोटाचं रक्त घेतलं तर यंत्र भलताच आकडा दाखवतं. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावं, तिथे दुखतं कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद आणि उन्हापासून दूर असावी. इन्सुलिनचंही तसंच. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवता येतं. उन्हात तापलेलं इन्सुलिन कितीही घेतलं तरी सकाळचा आकडा हलत नाही.

दिवाळीत आणखी एक भर पडते. अभ्यंगस्नान उरकून फराळाचं ताट पुढे येतं ते नेमकं इन्सुलिन कमी पडण्याच्या वेळी. आधी मोड आलेलं कडधान्य किंवा अंडं खावं, मग एक करंजी. लाडू आणि गोड चहा एकाच वेळी नको.

बहुतेकांसाठी उपाशीपोटी 80 ते 130 हे लक्ष्य धरतात. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात. मेटफॉर्मिन यकृताची साखर कमी करतं. ती गोळी कधी आणि किती, संध्याकाळचं इन्सुलिन बदलायचं का, हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्यासाठी त्यांना त्या तीन वेळांचे आकडे हवे असतात. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना ते आकडे लिहिलेली वही न्यावी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मात्र साखर 300 च्या वर, उलट्या, धाप आणि न भागणारी तहान असेल, तर वही घरी राहिली तरी चालेल. 108 ला फोन करून थेट जिल्हा रुग्णालय गाठावं.