आपटा: सोन्याच्या पलीकडचं झाड

आज आपण आपट्याकडे निव्वळ झाड म्हणून बघणार आहोत. हिंगोलीकरांना दसरा काय असतो ते सांगायला नको; इथल्या रामलीला मैदानावरची गर्दी साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी हातात पडणारं पान येतं कुठून? माळावरून, डोंगराच्या मुरमाड उतारावरून. काळपट, खडबडीत सालीचं हे वेडंवाकडं झाड तिथं कुणी न लावता वाढतं.

आपटा शेंगावर्गीय कुळातला. म्हणजे खालच्या शेतातल्या सोयाबीनचा, तुरीचा नातलगच. आणि शेंगावर्गीय म्हटलं की आपण लगेच म्हणतो, जमिनीला नत्र देणारं झाड. भर पावसाळ्यात सोयाबीनचं रोप उपटून बघा: मुळांवर गाठी दिसतात, फोडल्या तर आत गुलाबी. तिथले जिवाणू हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. आपट्याच्या मुळांवर मात्र अशा गाठी आढळत नाहीत. दसऱ्यालाच पुजली जाणारी शमी याच कुळातली, तिला त्या येतात, आपट्याला नाहीत. आपटा-कांचनाची शाखा या कुळात फार पूर्वीच वेगळी झाली. २०१७ साली शास्त्रज्ञांनी कुळाची सहा उपकुळं मानली, त्यांत या शाखेचं उपकूळ वेगळं आहे.

वर्गातल्या बहुतेकांचा गुण प्रत्येकाला चिकटवायचा, ही तर्कातली जुनीच खोड. मग कुणी विचारतं, नत्र देत नाही, तर आपट्याचं काम काय? आम्हाला हा प्रश्नच जरा खटकतो. काम गड्याला विचारायचं असतं. तरी बघा. त्याची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात, उन्हाळ्यात फिक्या फुलांच्या तुऱ्यांवर कीटक येतात, पाला शेळ्या खातात. सालीच्या वाखाचे दोर वळत, पानांत विड्या वळत.

आणि सोनं? कालिदासाच्या 'रघुवंशा'त कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवे असतात. तिथं कुबेराचं सोनं रघूच्या कोशागारात पडतं. आपट्याचं झाड लोककथेनं आणलं. सुंदर भर आहे, पण तिची किंमत झाड मोजतं. आश्विनात पाऊस संपत आलेला असतो, पुढच्या कोरड्या महिन्यांची शिदोरी पानांनीच करायची असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात आणतो. आपटा मिळाला नाही की कांचन ओरबाडतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं नि पातळ. पूजेला एक पान पुरतं, फांदी लागत नाही.

आपट्याच्या शेंगा पुढे कितीतरी महिने झाडावरच वाळत लोंबतात. त्यातलं बी गोळा करावं. कवच टणक असतं, म्हणून गरम पाणी ओतून रात्रभर भिजवावं आणि पावसाच्या तोंडावर पिशवीत लावावं.