माडावरचा गेंड्या भुंगा वाढतो शेणखड्ड्यात. मग उपाय नेमका कुठे करायचा?

दाभोळ आणि परिसरातल्या आगरांमध्ये माडाची नवी झावळ उलगडते आणि तिच्या पात्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. झाडाला गेंड्या भुंगा लागल्याची ही खूण. ती दिसली की फवारणीची तयारी सुरू होते. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. झावळ कापली गेली ती उलगडण्यापूर्वीच, आणि भुंग्याची पुढची पिढी त्या झाडावर नसतेच.

गेंड्या भुंगा काय करतो?

काळा, चकचकीत, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब आणि डोक्यावर शिंग असलेला हा भुंगा रात्री उडतो. माडाच्या शेंड्यातला न उलगडलेला कोंब पोखरून तो आतला रस घेतो आणि चोथा छिद्राबाहेर ढकलतो. घडी घातलेल्या कागदाला एकदाच कात्री लावली तरी उलगडल्यावर अनेक तुकडे कापलेले दिसतात, तसेच झावळीचे होते.

मोठा माड सहसा यामुळे मरत नाही, पण पोय पोखरली गेली तर नारळ कमी लागतात. लहान रोपाचा कोंब गेला तर रोपच हातचे जाते.

खरा धोका कोणता?

गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंग्याची मादी अंडी घालते. सोंड्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. खोडावरच्या छिद्रातून तपकिरी द्रव झिरपणे, चावलेले तंतू बाहेर येणे ही त्याची लक्षणे. ती ठळक दिसेपर्यंत अनेकदा माड वाचवण्यापलीकडे गेलेला असतो. म्हणूनच गेंड्याकडे दुर्लक्ष महागात पडते.

भुंगा येतो कुठून?

गेंड्याची मादी अंडी घालते ती शेणखड्ड्यात, कुजलेल्या पालापाचोळ्यात किंवा पडलेल्या माडाच्या खोडात. पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या तिथेच वाढतात. अंड्यापासून भुंगा होईपर्यंत साधारण सहा महिने लागतात. म्हणजे वर्षभर न हलवलेल्या शेणखड्ड्यातून दोन पिढ्या बाहेर पडू शकतात. तोच खड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उपसला, तर अळीचा भुंगा होण्याआधीच ती हाती लागते.

वादळाशी काय संबंध?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड आणि रायगडच्या किनाऱ्यावर नारळ-पोफळीची मोठी हानी केली. आडवी पडलेली, कुजणारी खोडे म्हणजे या भुंग्यासाठी तयार घर. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाने हे अनुभवले आहे. तिथे हा भुंगा २००७ मध्ये सापडला. मे २०१५ मधील डॉल्फिन वादळानंतर पडलेल्या माडांमध्ये त्याची पैदास झाली आणि संख्या प्रचंड वाढली. कोकणात तर दर पावसाळ्यात दोन-चार माड पडतातच. घरमालक मुंबईत असेल, तर ते खोड वर्षानुवर्षे तिथेच राहते.

गंध सापळा लावला की काम झाले?

नाही. या सापळ्यातला गंध भुंग्यांना लांबून बोलावतो आणि आलेला प्रत्येक भुंगा सापळ्यात पडतोच असे नाही. अमेरिकेत बागांचे नुकसान करणाऱ्या जपानी भुंग्याबाबतही हाच अनुभव आहे. सापळ्याजवळच्या झाडांचे नुकसान उलट वाढू शकते. त्यामुळे सापळा माडावर टांगू नये, आगराच्या कडेला लावावा.

शिवाय एका सापळ्याचे क्षेत्र साधारण एक हेक्टर, म्हणजे जवळपास १०० गुंठे धरले जाते. कोकणात अनेकांचे आगर काही गुंठ्यांचेच असते. म्हणजे एक सापळा अनेक घरांचा असतो आणि तो सर्वांनी ठरवून लावला तरच उपयोगी.

काय करता येईल?

* कोंबात ताजे छिद्र दिसल्यास टोकदार तारेच्या आकड्याने भुंगा बाहेर काढून मारावा.
* पाव किलो निंबोळी पेंडीची भुकटी तेवढ्याच वाळूत मिसळून शेंड्याजवळच्या वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात भरावी. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर असे वर्षातून तीनदा.
* लहान माडाच्या बेचक्यात ३-४ डांबर गोळ्या ठेवून त्यावर वाळू टाकावी. ४५ दिवसांनी पुन्हा भराव्यात.
* शेणखड्डा उपसताना अळ्या वेचून माराव्यात. कोंबड्या सोडल्या तरी त्या अळ्या टिपतात.
* खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळता येते. ती अळ्यांना रोग लावून मारते.
* पडलेले खोड फोडून जाळावे. झाडाला विनाकारण खाचा, जखमा करू नयेत.

बुरशीचे प्रमाण आणि सोंड्यावरील उपचार यांसाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

सुरुवात कधी करावी?

पावसाळ्यात भुंग्यांचा वावर वाढतो. त्यामुळे मे महिना महत्त्वाचा. शेणखत शेतात नेण्याची वेळही तीच आणि चाकरमानी गावी येतात तेही तेव्हाच. बंद घरामागचे खोड हलवायला मालकाची परवानगी लागते. ती मागायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. एका आगराने सगळे नियम पाळले आणि शेजारचा खड्डा तसाच राहिला, तर पुढचा भुंगा तिथूनच उडत येणार.