एन-1 ते एन-13 : एका आमदाराची वसाहत

1962 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं औरंगाबादेत बाहेरचा उमेदवार दिला. डॉ. रफिक झकेरिया जन्मानं नालासोपाऱ्याचे, लंडन विद्यापीठाचे पीएच.डी. आणि मुंबईत वकिली करणारे. मराठवाड्यात ना गाव, ना गोत. तरी ते निवडून आले आणि पुढची दीड दशकं या शहराचे आमदार राहिले. आमदारकी म्हणजे सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि वाढदिवसाचे फ्लेक्स, अशी आपली आता समजूत झाली आहे. म्हणून ही जुनी गोष्ट उकरून काढावीशी वाटली.

औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा बव्हंशी तटबंदीच्या दरवाजांच्या आत मावत होतं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली आणि रझाकारांचा जाच थांबला. मात्र राजवट संपवणाऱ्या त्या पोलिस कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या अनेक निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, आणि ती धास्ती पुढे वर्षानुवर्षं घराघरात टिकली. धास्तीला पोटापाण्याचीही बाजू होती. 1949 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, सरकारदरबारच्या जुन्या नोकऱ्या गेल्या. निजामाचं उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं; त्या वळणावर शिकलेल्यांना नव्या कचेऱ्यांत जागा मिळणं अवघड झालं. सुरक्षा, रोजगार आणि समाजकल्याण ही मंत्रालयात तीन खाती असतील. पण जुन्या शहरातल्या, शहागंजातल्या बापाला पोराची काळजी एकच होती. झकेरियांना ती कळली होती, असं त्यांच्या कामाचा क्रम पाहिला की वाटतं.

सुरुवात त्यांनी कॉलेजापासून केली. शहराला शिक्षणाचा हा धडा नवा नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्येच इथं कॉलेज काढलं होतं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजलं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठही आलं. 1963 मध्ये रोजाबागेत झकेरियांचं मौलाना आझाद कॉलेज उभं राहिलं, आणि त्याचे दरवाजे सगळ्यांना उघडे राहिले. पुढे मुलींचं कॉलेज निघालं, तेही शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्या नौखंडा महालाच्या आवारात. जुन्या शहरातल्या ज्या घरांतून मुलगी लांब पाठवणं अवघड होतं, त्यांना ते पायी जाण्याच्या टप्प्यात होतं. अजिंठा-वेरूळ हाताशी असूनही पर्यटनात राबायला शिकलेली माणसं नाहीत, हे पाहून ताज समूहाच्या मदतीनं हॉटेल मॅनेजमेंटची संस्थाही काढली. झकेरियांचं 2005 मध्ये निधन झालं. त्यांची कबर रोजाबागेतच आहे.

पण शहराचा नकाशा बदलला तो सिडको या सरकारी महामंडळानं. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली ती नवी मुंबईसाठी. तिला मराठवाड्यात आणणं हे मंत्रिमंडळात वजन असलेल्या माणसाचं काम होतं. नगरविकास खातं सांभाळलेल्या झकेरियांनी ते केलं. 1972 मध्ये सिडकोला इथं विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ही सोय आहे: ठरावीक हद्दीत आराखडा, भूखंड आणि बांधकाम परवानगी हे सगळं एकाच यंत्रणेच्या हाती येतं. मुकुंदवाडी, हर्सूल भागातली शेतं संपादित झाली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्या, बीड-परभणीहून आलेल्या कुटुंबांना हप्त्यावर घरं मिळू लागली.

ती घरं तरी कशी? अल्प उत्पन्न गटातलं म्हणजे शेजाऱ्याशी सामाईक भिंत, दीड-दोन खोल्या, मागं मोरी, पुढं हातभर अंगण. नोकरी पक्की झाली की वर स्लॅब पडायचा, पोराचं लग्न ठरलं की बाहेरून लोखंडी जिना चढायचा. आज सिडकोच्या एन-6 सेक्टरात किंवा हडको भागात मूळ घर शोधून सापडायचं नाही. खाली किराणा किंवा झेरॉक्स, वर भाडेकरू, त्याच्यावर मालक.

या सगळ्याला एक उणी बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्या मानानं थोडंच आलं. आणि ज्या दरवाजांआडच्या माणसांची धास्ती कमी करायची होती, त्यांतले फार थोडे सिडकोत राहायला गेले. नवं शहर पूर्वेला वाढलं, जुनं होतं तिथंच दाटत गेलं. 1988 च्या दंगलीत या दुराव्याचाही वाटा असावा, असं माझं मत आहे.

झकेरिया त्याच्या आधीच दिल्लीला गेले होते. 1978 ते 1984 राज्यसभेत. अल्पसंख्याक आणि दुर्बल घटकांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्रानं 1980 मध्ये नेमलेल्या, डॉ. गोपाल सिंग यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या उच्चाधिकार समितीचे ते सदस्य-सचिव होते. 1983 चा तिचा अहवाल मुस्लिमांच्या स्थितीवरच्या सच्चर समितीच्या दोन दशकांहून जास्त आधीचा. शिक्षण, बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना यांत कोणाचा वाटा किती, हे त्यात तपासलं होतं. शहागंजातल्या बापाची काळजी तिथं तक्त्यांत मांडली गेली.

इकडे 2006 मध्ये सिडको वसाहत महापालिकेकडे आली. 1971 मध्ये जेमतेम दीड-पावणेदोन लाखांचं शहर 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर गेलं होतं. जायकवाडीचं पाणी एन-5 आणि एन-7 च्या जलकुंभांवर येतं, पण नळाला ते किती दिवसांआड सुटेल हे गल्लीगणिक बदलतं. त्यातच घरं सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेली. विकायचं, वारसाचं नाव लावायचं, तर सिडकोचा ना-हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क लागायचं. म्हणून ‘फ्रीहोल्ड करा’, म्हणजे पट्टा काढून पूर्ण मालकी द्या, ही मागणी इथं वर्षानुवर्षं चालत आली. पाणी आणि पट्टा, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला एन-1 पासून एन-13 पर्यंत याच दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत आली.