वल्हे मारण्याची रीत आणि दुखरा खांदा

शेती-आरोग्याच्या पानावर होडीची गोष्ट कशाला, असे वाचकांस वाटेल. कारण सांगतो. सिहोरकडे आमच्या ओळखीचे एक शेतकरी कुटुंब आहे. गहू, हरभरा आणि पावसाळ्यात सोयाबीन. घरचा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, अंगापिंडाने भक्कम. गेल्या वर्षी गव्हाची मळणी झाली आणि पोती उचलायची वेळ आली, तेव्हा हा गडी मागे मागे राहू लागला. वडिलांना वाटले, शिकायला शहरात गेला आणि कामाला लाजू लागला. चार शब्द बोलूनही झाले. शेवटी आईच्या ध्यानात आले की सदरा काढताना त्याचा उजवा हात वर जात नाही.

मुलगा भोपाळला शिकायला राहतो. तेथे मित्रांच्या नादाने आठ महिने तो तळ्यावर कयाक चालवीत होता. शिकवणारे कोणी नव्हते. ताकद आहे, मग शिकायचे काय, असा त्याचा हिशेब. डॉक्टरांनी तपासून सांगितले की काही तुटलेले नाही, पण खांद्याच्या सांध्याभोवतीचे लहान स्नायू सुजले आहेत. विश्रांती घ्यावी, सांगितलेले व्यायाम करावेत, आणि पुन्हा होडीत बसायचे तर रीत बदलावी. शेतकऱ्याच्या घरात उजवा खांदा म्हणजे अर्धे बिऱ्हाड. वडील म्हणाले, होडी बंद. मुलगा गप्प. त्या दोघांच्या मध्ये आम्ही पडलो आणि मुलाला घेऊन एका जाणत्या प्रशिक्षकाकडे गेलो. तेथे जे पाहिले ते येथे देत आहोत.

कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. तीत पाय पुढे पसरून बसायचे. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारायचे. मूळची ही उत्तर ध्रुवाकडील शिकारी लोकांची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणीत. ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यती १९३६ च्या बर्लिन स्पर्धांपासून होऊ लागल्या. शर्यतीची एकट्याची होडी जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर लांब, आणि वजनाला निदान १२ किलो असावी लागते. समुद्रावरची कयाक जड, थोडी रुंद आणि वरून झाकलेली असते. पण पुढे जाण्यासाठी वल्हे मारायची मूळ रीत दोन्हींत एकच.

भोपाळात समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. मोठे तळे राजा भोजाने ११ व्या शतकात बांधविले असे मानतात. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी त्यातूनच मिळते. २००२ साली रामसर करारान्वये भोज पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. शेजारी छोटे तळे आहे. या तळ्यांवर कयाक-कॅनोइंगचे शिक्षण मिळते आणि येथे शिकलेली मुले-मुली देशाबाहेर जाऊन पदके आणतात.

प्रशिक्षकांनी मुलाला पहिल्या दिवशी होडीत बसू दिलेच नाही. काठावर जमिनीवर बसविले, पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, आणि हातात साधी काठी दिली. म्हणाले, "मार वल्हे." त्याने मारले. आम्हा अडाण्यांनाही दिसले की छाती जागच्या जागी आहे आणि दोन हात तेवढे गिरणीच्या दांड्यासारखे मागेपुढे होत आहेत. "घरी आईला ताक करताना पाहिलेस का?" प्रशिक्षकांनी विचारले. मुलगा हसला. आम्हाला मात्र गोष्ट तिथेच उमगली.

रवीला दोरीचे वेढे घालून ताक घुसळणारी बाई आठवा. उजवा हात मागे येतो तेव्हा डावा पुढे जातो, आणि दोन्ही खांदे कमरेच्या वर गर्रकन डावी-उजवीकडे फिरतात. नुसत्या दंडाने ओढणारी पोरगी पाच मिनिटांत थकते. आजी मात्र बोलत बोलत लोणी काढते. कयाकचे अगदी तसेच. ओढायचे ते धडाने. पाठीचे, पोटाचे आणि फासळ्यांवरचे स्नायू मोठे, ते दमत नाहीत लवकर. खांद्याभोवतीचे स्नायू लहान. त्यांचे काम सांधा जागेवर धरण्याचे. त्यांच्याकडून बैलाचे काम करून घेतले की ते सुजतात. मिनिटाला ६० वल्ही धरली तरी तासाला ३,६०० होतात. चूक थोडी असली तरी ती ३,६०० वेळा होते.

नंतरच्या दिवसांत एकेक गोष्ट सांगितली गेली. उजवीकडे मारायचे तर उजवा खांदा पुढे नेऊन धड वळवावे, आणि पाते पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालावे. पाते पूर्ण बुडाल्यावाचून ओढू नये. अर्धवट बुडालेले पाते ओढले तर नुसते पाणी उडते. चांगल्या वल्ह्याचा आवाज होत नाही, आणि प्रशिक्षक कित्येकदा पाठ फिरवून नुसत्या आवाजावरून चूक सांगत. मग धड उलगडत आणावे. कंबरेपाशी पाते आले की बाहेर काढावे. पुष्कळ नवशिके ते पार मागेपर्यंत ओढतात, जास्त ओढले म्हणजे जास्त वेग या समजुतीने. तेथे पाते पाणी मागे ढकलीत नाही, वर उचलते. होडीचा मागचा भाग दबतो आणि वेग उलट मोडतो. शिवाय हात पाठीमागे गेलेला असताना लाट आदळली तर खांदा निखळण्याची भीती. दोन्ही हात सदैव डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत, हा नियम त्यासाठी आहे.

पायांचे काम तर आमच्या मुलाला ठाऊकच नव्हते. होडीत पायांसाठी टेकू असतो. उजवे पाते पाण्यात असताना उजव्या पायाने तो टेकू दाबायचा. मग कंबर वळते, जोर पायातून धडात आणि धडातून पात्यात जातो. वरचा हात साधारण डोळ्यांच्या उंचीवरून पुढे जातो, त्याची बोटे सैल. मूठ आवळून धरली की मनगटातील शिरा सुजतात. ज्याने दिवसभर विळा घट्ट धरला आहे त्यास हे निराळे सांगायला नको.

हे सारे छापील कागदावर वाचून येईल का? आमच्या मते नाही. मुलाला शेवटपर्यंत वाटत होते की आपले धड वळत आहे. प्रशिक्षकांनी मोबाइलवर चित्रण करून दाखविले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. धड नव्हे, नुसती मान वळत होती! शरीराला जी सवय लागली तीच त्याला बरोबर वाटते, म्हणून दुसऱ्याचा डोळा लागतो. बाजूने पाहिले की पाते कोठे शिरते आणि कोठे निघते ते कळते, समोरून पाहिले की खांदे फिरतात की नाही ते. आणि एका दिवशी एकच चूक सांगायची. आम्ही उत्साहाने मधे दोन-तीन सूचना केल्या, तर आम्हालाच काठावर लांब बसायला सांगण्यात आले.

धडाचे मोल कळायचे तर प्राची यादव हिचे उदाहरण पुरेसे आहे. ग्वाल्हेरची ही मुलगी जन्मापासून पायांनी अधू. आधी ती पोहत असे. तिच्या पोहण्याच्या प्रशिक्षकांनी तिला नौकेकडे वळविले. भोपाळच्या छोट्या तळ्यावर मयंक ठाकूर यांच्या हाताखाली ती शिकली. टोकियोच्या पॅरालिंपिक स्पर्धा २०२१ साली झाल्या. तेथे नौकानयनात उतरलेली ती पहिली भारतीय, आणि २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आठवी आली. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धांत तिने कयाकमध्ये सुवर्ण आणि एकपाती वल्ह्याच्या व्हा होडीत रौप्य मिळविले. पायाने टेकू दाबून जोर काढण्याची सोय तिला नाही. जे आहे ते धड, हात आणि वर्षानुवर्षे घासून घेतलेली रीत. हे ऐकल्यावर आमच्या पैलवानाने ताकदीच्या गोष्टी बंद केल्या.

समुद्राविषयी थोडेसे, कारण पुष्कळांचे सगेसोयरे वसई-कोकणाकडे आहेत. शर्यत काही मिनिटांत संपते, समुद्रावर तासन्‌तास जावे लागते. तेथे वल्हे जरा आडवे धरतात, म्हणजे वाऱ्याने ते हिसकले जात नाही आणि खांदाही कमी शिणतो. भरती-ओहोटी व वारा पाहूनच निघावे. परतीसाठी निम्म्याहून अधिक ताकद राखावी, कारण दमलेला माणूस आधी रीत विसरतो, मग खांदा दुखवतो, मग किनारा गाठू शकत नाही.

आणि पाण्यात पडायचे कसे, हे वल्ह्याच्याही आधी शिकावे. भोपाळच्याच छोट्या तळ्यात, खटलापुरा घाटावर, १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे गणेश विसर्जनाच्या वेळी होड्या उलटून अकरा जण बुडाले. काठ हाकेच्या अंतरावर होता. ते कयाकवाले नव्हते, पण पाणी तेच. लाइफ जॅकेटचे बंद आवळल्याशिवाय आमच्या प्रशिक्षकांनी कोणाला धक्क्यावरून हलू दिले नाही. उलटलेल्या होडीतून बाहेर यायचे, होडी सोडायची नाही आणि वल्हे हातचे जाऊ द्यायचे नाही, याचा सराव मुलाकडून उथळ पाण्यात सात-आठ वेळा करून घेतला. पहिल्यांदा त्याच्या नाकातोंडात पाणी गेले. वडील काठावर उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेतात याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कुदळ मारताना, फावड्याने माती ओढताना पाय आणि कंबर कामाला लावावी, नुसता दंड नव्हे. एवढा उपयोग जरूर आहे. पण एक सावधगिरी. होडीत धड वळवायचे ते बसून आणि अंगावर ओझे नसताना. पोते उचलून कंबरेतून वळू नये. पाय उचलून सगळे अंग वळवावे, नाहीतर खांद्याचे दुखणे मणक्यावर जाईल. रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात वर न जाणे किंवा बोटांना मुंग्या येणे, यावर तेल चोळीत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.

मुलगा सहा आठवडे फक्त व्यायाम आणि काठीचा सराव करीत होता. मग रोज पंधरा मिनिटे पाण्यावर, तीही सावकाश. वेग वाढवू का, असे तो रोज विचारी आणि रोज नाही असे उत्तर येई. यंदाच्या हंगामात पोती त्याने उचलली, सगळी नव्हे, निम्मी. उरलेली धाकट्याने. वडिलांनी होडीचा विषय पुन्हा काढलेला नाही, पण रविवारी दुपारी मुलाला तळ्यावर सोडायला आता मोटारसायकल तेच काढतात.