दिलेल्या शब्दाची वार्षिक तपासणी

कॅलिफोर्निया राज्याच्या शासन संहितेत ६५८६५.१ क्रमांकाचे एक छोटेसे कलम आहे. एखाद्या शहराने विकसकाशी विकास करार केला असेल, तर निदान बारा महिन्यांतून एकदा त्याचा आढावा घेण्याची तरतूद झालीच पाहिजे, असे ते सांगते. या आढाव्यात विकसकाने पुढे येऊन, आपण कराराच्या अटी प्रामाणिकपणे पाळत आहोत, हे दाखवून द्यायचे असते. शहराने त्याच्या चुका हुडकत फिरायचे, अशी ही रचना नव्हे. करार दहा वर्षांचा असो वा तीस, दरवर्षी ही हजेरी लावावीच लागते. मोठे बांधकाम सुरू होताना दिलेली आश्वासने इमारत उभी राहीपर्यंत सगळेच विसरतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यावर इतका साधा आणि नेमका उपाय कायद्यात लिहून ठेवलेला क्वचितच आढळतो.

या कायद्याचा जन्म मात्र शहरांच्या नव्हे, विकसकांच्या तक्रारीतून झाला. नोव्हेंबर १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव २०’ मंजूर केला आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामांवर नवे नियंत्रण आले. १ फेब्रुवारी १९७३ पासून किनारपट्टीच्या ठरावीक पट्ट्यात बांधकाम करायला नव्या आयोगाची परवानगी सक्तीची झाली. ऑरेंज काउंटीत ॲव्हको कम्युनिटी डेव्हलपर्स या कंपनीचे काम तेव्हा ऐन रंगात आले होते. जमिनीचे सपाटीकरण, रस्ते, पावसाळी पाण्याची गटारे यांवर तिने २० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. स्थानिक प्रशासनाने भूखंडांचा नकाशाही मंजूर केला होता. प्रत्यक्ष इमारतींचे परवाने तेवढे निघायचे राहिले होते. कंपनी न्यायालयात गेली. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बांधकाम परवाना हाती नसेल तर कितीही पैसा ओतला असला तरी जुन्या नियमांनुसार बांधण्याचा पक्का हक्क मिळत नाही.

या निकालाने बांधकाम व्यवसाय हादरला. वसाहत उभारायला पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढ्या काळात नगर परिषदेच्या निवडणुका होतात, माणसे बदलतात, नियमही बदलतात. अशा अनिश्चिततेत बँका कर्ज देताना कचरतात आणि त्याचा भार शेवटी घर घेणाऱ्यावर पडतो. म्हणून १९७९ मध्ये विधिमंडळाने विकास कराराचा कायदा केला. जमिनीचा वापर कोणता, बांधकामाची घनता किती, इमारतींची कमाल उंची आणि आकार किती, सार्वजनिक कामासाठी कोणती जागा सोडायची, कराराची मुदत किती, हे सारे करारात लिहिणे आवश्यक झाले. करार होताना जे नियम लागू असतील तेच त्या प्रकल्पाला मुदतभर लागू राहतात. विकसकाला हवी होती ती शाश्वती त्याला अशी मिळाली.

शहराला काय मिळाले, हे समजून घ्यायचे तर वर्षभर आधीची एक घटना पाहावी लागते. जून १९७८ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ संमत करून मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर रोखून धरला होता. शहरांच्या तिजोऱ्या आटल्या. रस्ते, बागा, ग्रंथालये, परवडणारी घरे यांसाठी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहिला. साध्या परवान्याच्या अटी म्हणून शहराला वाटेल ते मागता येत नाही. मागणी आणि त्या बांधकामाने पडणारा भार यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या नोलन व १९९४ च्या डोलन खटल्यांत ही मर्यादा आणखी पक्की केली. विकास करारात मात्र दोन्ही पक्ष आपखुशीने देवाणघेवाण करतात, म्हणून तिथे शहर अधिक मागू शकते. नियम गोठवून देण्याच्या बदल्यात ते लोकांसाठी काहीतरी पदरात पाडून घेते. विकसकाचा लाभ पहिल्याच दिवशी सुरू होतो, लोकांचा लाभ पुढे कित्येक वर्षे हप्त्याहप्त्याने यायचा असतो. वार्षिक आढाव्याची गरज इथेच आहे.

हा करार अध्यादेशाच्या रूपाने, जाहीर सुनावण्यांनंतर मंजूर होतो आणि त्यावर जनमताचा कौल मागण्याचा नागरिकांना अधिकार असतो. सांता मोनिका शहरात २०१४ मध्ये तो वापरला गेला. बर्गामोट भागातील एका मोठ्या प्रकल्पाचा करार नगर परिषदेने फेब्रुवारीत मंजूर केला. नागरिकांनी पुरेशा सह्या गोळा केल्या आणि मे महिन्यात परिषदेने स्वतःच तो करार रद्द केला.

आढावा प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहण्यासाठी मला सॅन फ्रान्सिस्कोतील एका रुग्णालयाचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे मोठा भूकंप झाला. त्यात रुग्णालयांचीच पडझड झाल्यामुळे राज्याने कडक कायदा केला: भूकंपात कोसळण्याचा धोका असलेल्या रुग्णालयांनी इमारती मजबूत कराव्यात, नाहीतर नव्याने बांधाव्यात. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया पॅसिफिक मेडिकल सेंटर ही सटर हेल्थ समूहाची संस्था त्यामुळे नव्या बांधकामाच्या तयारीला लागली. आधीच्या योजनेत व्हॅन नेस मार्गावर ५५५ खाटांचे भव्य रुग्णालय होते आणि मिशन भागातील १८७१ पासूनच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाच्या वाट्याला अवघ्या ८० खाटा होत्या. सेंट ल्यूक्स हा गरीब वस्तीचा आधार. तो हळूहळू बंद पाडला जाईल, ही भीती लोकांनी वारंवार बोलून दाखवली. २०१२ मध्ये तो सौदा फिसकटला. मध्यस्थ नेमून पुन्हा बोलणी झाली आणि २०१३ मध्ये नवा करार झाला: व्हॅन नेसवर २७४ खाटा, सेंट ल्यूक्सच्या जागी १२० खाटा.

करारातील आरोग्यविषयक अटी वाचताना त्या लिहिणाऱ्यांच्या काटेकोरपणाचे कौतुक वाटते. ‘गरिबांची सेवा करू’ असे मोघम वाक्य लिहून कोणी थांबले नाही. दरवर्षी ३०,४४५ गरीब रुग्णांवर उपचार, हा आकडा लिहिला गेला. तोही वेगवेगळ्या माणसांचा. एकच रुग्ण वर्षात पाच वेळा आला तरी तो एकदाच मोजायचा. शिवाय मेडी-कॅल या अल्प उत्पन्न गटाच्या सरकारी विमा योजनेतील ५,४०० नव्या लाभार्थींची जबाबदारी घ्यायची. या बांधिलकीची मुदत दहा वर्षे. बांधकामाच्या कामात ३० टक्के वाटा स्थानिक कामगारांचा, आणि सुरुवातीच्या पातळीवरील नव्या नोकऱ्यांत ४० टक्के जागांचे लक्ष्य शहराच्या भरती व्यवस्थेतून येणाऱ्यांसाठी. जे मोजता येते तेच तपासता येते, हे त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्रातील वाचकाला इथे आपली धर्मादाय रुग्णालये आठवतील. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. पण तो दंडक कायद्याने आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेने सगळ्यांना सारखा लागू होतो. सॅन फ्रान्सिस्कोतील आकडे एका संस्थेशी समोरासमोर बसून ठरवलेले होते, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्याची रीतही त्याच करारात होती.

रीत अशी होती: संस्था दरवर्षी आपले पूर्तता निवेदन शहराला सादर करत असे. शहराचे नियोजन आणि आरोग्य विभाग ते तपासून आपला अहवाल प्रसिद्ध करत. नागरिकांना मत मांडायला अवधी मिळे आणि मग जाहीर सुनावणी होई. सुनावणीत रुग्णालयाचे अधिकारी बोलत, तसेच परिचारिका, कामगार संघटना आणि वस्तीतील रहिवासीही बोलत. वर एक त्रयस्थ निरीक्षक असे. तो शहराच्या निर्वाचित मंडळाला आपले मत कळवी. व्हॅन नेसजवळच्या टेंडरलॉइन या गरीब वस्तीतील १,५०० मेडी-कॅल लाभार्थींना या रुग्णालयाशी जोडण्याची अट होती. त्या कामाच्या धीम्या गतीचा विषय आढाव्यांत निघत राहिला. अट मोडली असे म्हणता येत नसले तरी तिचा हेतू साधला का, हा प्रश्न भर सभेत विचारता आला, हे मला मोलाचे वाटते. सेंट ल्यूक्सच्या जागी बांधलेले नवे मिशन बर्नाल रुग्णालय ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाले आणि व्हॅन नेसचे मार्च २०१९ मध्ये.

याच रुग्णालयाने आढाव्याची मर्यादाही दाखवून दिली. २०१७ मध्ये सेंट ल्यूक्समधील दीर्घकालीन गंभीर रुग्णांचा विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कृत्रिम श्वसनावर, नळीवाटे अन्नावर जगणारी माणसे तिथे होती, आणि शहरात तसा दुसरा विभाग नव्हता. नातेवाइकांना रुग्ण दूरच्या शहरांत हलवावे लागण्याची धास्ती पडली. हा विभाग चालू ठेवण्याची अट विकास करारात नव्हती, त्यामुळे पूर्ततेच्या तपासणीत त्यावर बोट ठेवायला जागाच नव्हती. अखेर नातेवाइकांच्या आणि परिचारिकांच्या रेट्यामुळे संस्थेने तिथल्या रुग्णांना आपल्याच डेव्हिस रुग्णालयात ठेवण्याचे मान्य केले. करार लिहिताना जे सुटले ते आढाव्यात सापडत नाही. म्हणून करार लिहिण्याची घडी ही पुढच्या साऱ्या तपासण्यांहून महत्त्वाची आहे.

विकसक अटी पाळत नाही असे भरीव पुराव्यानिशी ठरले, तर शहर करार रद्द करू शकते किंवा त्यात बदल करू शकते. व्यवहारात गोष्टी सहसा त्या टोकाला जात नाहीत. आढाव्याची तारीख जवळ आली की राहिलेली कामे पुरी केली जातात, आणि तेच त्याचे खरे काम आहे. मात्र एखाद्या शहराने आढावा घेतलाच नाही, तर त्याबद्दल या कलमात शिक्षा सांगितलेली नाही.

त्याहून मोठी उणीव दुसरी आहे: ही तपासणी एकाच बाजूची आहे. मॅमथ लेक्स या सिएरा नेवाडा पर्वतातील जेमतेम आठ हजार वस्तीच्या गावाने १९९७ मध्ये एका विकसकाशी करार केला. विकसकाने गावाच्या विमानतळात सुधारणा करायच्या, बदल्यात त्याला तिथे हॉटेल आणि निवासी संकुल बांधू द्यायचे. विकसकाने आपले काम केले. पुढे गावाला मोठी विमाने आणायची आस लागली, केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने संकुलावर आक्षेप घेतला आणि गावाने दिलेला शब्द फिरवला. २००८ मध्ये ज्यूरीने विकसकाला ३ कोटी डॉलरची भरपाई दिली, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. व्याज आणि खर्च धरून देणे सुमारे ४.३ कोटींवर गेले, म्हणजे गावाच्या वार्षिक खर्चाच्या दुपटीहून अधिक. जुलै २०१२ मध्ये गावाने दिवाळखोरीचा अर्ज केला. तडजोड झाली ती २.९५ कोटी डॉलरवर, आणि ही रक्कम २३ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे ठरले.

दरवर्षी विकसकाला प्रश्न विचारण्याची सोय कायद्यात आहे. त्याच सुनावणीत शहरालाही आपल्या पूर्ततेचा हिशेब मांडायला लावणारे एक वाक्य त्या कलमात घालायला हवे.