चर्चची हरकत नेमकी कशाला?

पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन १९७८ मध्ये जन्मली, तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल अल्बिनो लुचिआनी यांनी बाळाला शुभेच्छा दिल्या. पद्धतीबद्दल शंका होती, पण आईवडिलांना दोष द्यायला ते तयार नव्हते. थोड्याच दिवसांत ते पोप झाले.

व्हॅटिकनची अधिकृत भूमिका १९८७ च्या ‘डोनुम व्हिते’ या दस्तऐवजात आली. त्यानुसार गर्भधारणा पती-पत्नीच्या शरीरसंबंधातूनच व्हावी, म्हणून टेस्ट ट्यूबची पद्धत, म्हणजे आयव्हीएफ, नामंजूर. बीजनलिकेची शस्त्रक्रिया किंवा स्त्रीबीज वाढवणाऱ्या गोळ्यांना मात्र मुळात आडकाठी नाही. हस्तमैथुन निषिद्ध असल्याने वीर्यतपासणीसाठी काही कॅथलिक जोडपी बारीक छिद्रं पाडलेला निरोध वापरतात. बाहेरच्याला हा काथ्याकूट वाटेल, पण तर्क पक्का आहे: संबंध पूर्ण व्हावा, नमुनाही मिळावा.

खरा पेच आयव्हीएफनंतर उरलेल्या भ्रूणांचा. ते नष्ट करण्याच्या विरोधात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चही कॅथलिकांसोबत आहे, मात्र पतीच्या वीर्याने केलेलं कृत्रिम रेतन त्याला चालतं. प्रोटेस्टंटांत एकच एक अधिकारपीठ नसल्याने मतांतरं फार.

इटलीत हा वाद थेट कायद्यात उतरला. २००४ च्या कायद्याने एका वेळी जास्तीत जास्त तीनच भ्रूण तयार करण्याची मुभा दिली, तेही सगळे एकदमच गर्भाशयात सोडायचे. पुढच्या वर्षी तो सैल करावा का, यावर सार्वमत झालं. इटलीतल्या बिशपांचे प्रमुख कार्डिनल रुईनी यांनी मतदानालाच जाऊ नका, असं सांगितलं. निम्मे मतदारही न फिरकल्याने ते बाद ठरलं. तीन भ्रूणांची अट घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली, तर त्याच कायद्यातली दात्याच्या बीजावरची बंदी २०१४ मध्ये.